आमचं सभेचं पुस्तक

दुसरीच्या वर्गातली तेवीसच्या तेवीस मुलं घडाघडा वाचतात, असं पहिले तीन महिने मी समजत होते. मग एके दिवशी एक मुलगी उभी राहून धडा वाचत असताना माझ्या धक्क्यानं तिचं पुस्तक खाली पडलं. मी वाकून ते उचलेपर्यंत ती वाचतच होती. पुस्तक जमिनीवर पालथं, आणि ही पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं वाक्य म्हणते आहे. स्वल्पविरामाला थांबते आहे, प्रश्नचिन्हाला आवाज चढवते आहे. मी दुसऱ्या मुलाला उठवलं आणि भलतंच पान उघडून दिलं. त्यानंही तोच धडा म्हटला. तेवीस जणांना पुस्तक पाठ होतं. वाचता मात्र चौघापाचांनाच येत होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आर्वी तालुक्यात रोहण्याच्या पुढे एका लहान गावात जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे. मी पिपरी मेघेहून रोज एसटीनं ये-जा करायची. वडिलांचं वर्ध्याला कापडाचं दुकान, काका किराण्यात, भाऊ त्यांच्याच मागे गेलेला. आमच्या घरात पगारी माणूस म्हणून मी पहिलीच, त्यामुळे मी शाळेत नेमकं काय करते याबद्दल घरी कुणाला फारसं कळत नसे. वडील एवढंच विचारायचे, "मुलं ऐकतात ना?" त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "ऐकतात. म्हणून तर पंचाईत झालीय."

वडिलांच्या दुकानात दरवर्षी जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा उरायचा. पुढे देवाचं चित्र, मागे कोरा, गुळगुळीत, जाड कागद. ते मी मागून घेतले. कागद मधोमध दुमडून पोत्याच्या दाभणानं शिवले आणि त्यावर मार्करनं बोटभर अक्षरात पुस्तकं लिहायला लागले. पहिलं पुस्तक सहा पानांचं होतं. 'बकरी आली. बकरी शाळेत आली. बकरीनं पाटी चाटली. बकरीनं खडू खाल्ला. बकरी पळाली. खडू गेला.' हे आमच्या शाळेत आदल्याच आठवड्यात घडलेलं होतं. शाळेला कुंपण नव्हतं, बकऱ्या खुशाल वर्गात यायच्या. मुलांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं, म्हणून त्यांना अक्षराकडे बघावंच लागलं. 'खडू खाल्ला' हे एकानं स्वतःच्या डोळ्यांनी लावून वाचलं आणि तो असा हसला की शेजारच्या वर्गातून गुरुजी बघायला आले.

दिवाळीपर्यंत माझी अकरा पुस्तकं झाली. कापूस वेचणारी माय, बाजारातली फुग्याची गाडी, हरवलेली चप्पल. वर्ग हळूहळू वाचायला लागला.

दिवाळीनंतरच्या, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत ठरलं, की प्रत्येक शाळेनं 'आपली ग्रामपंचायत' या विषयावर काहीतरी साहित्य तयार करायचं. बाकीच्या शिक्षकांनी तक्ते केले. वर सरपंच, खाली उपसरपंच, त्याखाली सदस्य, सगळे बाणांनी जोडलेले. मी म्हटलं, आपण पुस्तक करू. एसटीत बसून, मांडीवर वही ठेवून मी ते लिहिलं. आठ पानं. 'हे आमचं गाव. हे सरपंच. हे गावाचं काम बघतात. गावाची सभा भरते. सभेत सगळे येतात. सगळे बोलतात. गाव ठरवतं. मग काम होतं.' मला ते फार आवडलं होतं. चित्रंही मीच काढली. माझा हात चित्रकलेत बेताचाच. पण सरपंच मी मन लावून काढला. डोक्याला फेटा, झुपकेदार मिशा, हातात काठी.

गावाच्या कडेला नाला होता, त्याच्या पलीकडे टोली म्हणून एक लहान वस्ती. वर्गात ते पुस्तक मी तिथल्या एका मुलीच्या हातात दिलं. हीच ती, जिचं पुस्तक माझ्या धक्क्यानं पडलं होतं. दोन घट्ट वेण्या, निळ्या रिबिनी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघायची सवय. तिनं पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं आणि थांबली.

"बाई, हा कोण व्हय?"

"वाच ना खाली. सरपंच."

"नाई," ती म्हणाली. "आपली सरपंच तं बाई हाये."

वर्गात हसू फुटलं. मला मात्र कानापर्यंत गरम झालं. गावाच्या सरपंच खरंच बाई होत्या. जागा महिलांसाठी राखीव झाली होती आणि दोन वर्षांपासून त्या सरपंच होत्या. शाळेच्या प्रत्येक कागदावर त्यांची सही मी बघत होते. मी स्वतः बाई. आणि सरपंच काढायला बसले तेव्हा माझ्या हातून मिशा निघाल्या.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आपण दुरुस्त करू."

पांढरा कागद चिकटवून मी मिशा झाकल्या, फेट्याच्या जागी पदर काढला. मुलं बघत होती. मुलीनं पुढं वाचलं. पाचव्या पानावर ती परत थांबली.

"सभेत सगळे येतात," तिनं वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. "बाई, हेबी खोटं हाये. माही माय नाई जात."

"माही बी नाई," मागून आवाज आला. "माही आजीबी नाई जात." "आमच्या टोलीतलं कोनीच नाई जात." हात वर होत गेले.

मी विचारलं, "काऊन नाई जात?" त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा त्यांच्यासारखी व्हायची.

"मायले मालूमच नाई पडत ना, सभा कवा हाये ते."

आता मला ते पान फाडता आलं असतं. 'सभेत काही जण येतात' असंही लिहिता आलं असतं. मी तसं लिहायला मार्कर उचललाही. पण मुलं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की मिशांसारखं हेही मी आता दुरुस्त करणार, आणि खरंखुरं दुरुस्त करणार. मी मार्कर ठेवला. म्हटलं, "उद्या आपण ग्रामपंचायतीत जाऊ. बघू काय खरं, काय खोटं."

दुसऱ्या दिवशी तेवीस मुलांची रांग घेऊन मी ग्रामपंचायतीच्या खोलीवर गेले. सरपंचांच्या खुर्चीत सरपंचांचे यजमान बसले होते. भला, हसतमुख माणूस. गावातली सगळी कामं तेच बघायचे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नव्हतं. त्यांनी मुलांना आत बोलावलं, शिक्का दाखवला, कपाट दाखवलं. मग म्हणाले, "इचारा, काय इचाराचं ते."

आमची निळ्या रिबिनीवाली पुढं झाली. "तुमी सरपंच हाय का?"

"मी... म्हंजे, कारभार मीच पाह्यतो."

"पन सरपंच कोन हाये?"

"आमची घरची मंडळी."

"मंग थे कुठं हाये?"

"वावरात गेली कापूस येचाले."

मुलीनं खुर्चीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मंग हे खुर्ची कोनाची हाये?"

मी घाईघाईनं मुलांना बाहेर काढलं. पण व्हायचं ते झालं होतं. संध्याकाळपर्यंत हा प्रश्न गावभर फिरला. पारावर, पिठाच्या गिरणीवर, किराण्याच्या दुकानात लोक यजमानांना हसून विचारायला लागले, "काय भाऊ, खुर्ची कोनाची?" तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. माझ्याकडे न बघता गुरुजींना म्हणाले, "गुर्जी, पोरायले शिकवाचं तं क ख ग शिकवा. बाई राजकारण शिकवून राह्यल्या इथं. असं असन तं मले वर सांगा लागन."

गुरुजी सज्जन होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. ते गेल्यावर मला म्हणाले, "हे पहा, पुस्तक चांगलं आहे, मी वाचलं. पण सध्या कपाटात ठेवा."

मी ठेवलं. ही गोष्ट सांगताना इथं नेहमी मला थांबावंसं वाटतं, कारण या जागी मी काहीतरी ठामपणे बोलले, असं सांगायला मला आवडलं असतं. मी काही बोलले नाही. माझी बदली लांब कुठं झाली तर रोजचं जाणं-येणं कसं होणार, हा विचार मनात आला आणि मी गुपचूप कपाटाला कुलूप लावलं. मुलांनी विचारलं, "बाई, सभेचं पुस्तक?" मी म्हटलं, "नंतर." ती पंधरा दिवस परत बकरीचंच पुस्तक वाचत राहिली. आता त्यांना तेही पाठ झालं होतं.

मग एका दुपारी, मधली सुट्टी संपता संपता, सरपंचबाई शाळेत आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मी त्यांना झेंडावंदनाला बघितलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्या सरळ गुरुजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुर्जी, सरपंचाले शाळेची पाहनी कराचा अधिकार हाये का नाई?"

गुरुजी गडबडून उभे राहिले. "आहे ना. बसा, बसा."

"बसाले नाई आली. पाहनी कराले आली. थे कपाटातलं पुस्तक काहाडा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी चावी काढली. कपाट उघडलं. सरपंचबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उलटलं, दुसऱ्या पानावरची पदरवाली बाई बराच वेळ बघितली. चित्रावर चिकटवलेल्या कागदातून मिशांची सावली अजून दिसत होती. मला वाटलं आता रागावतील. त्या खुदकन हसल्या.

"मले दुसरीपर्यंत शाळा होती, बाई," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मंग सोडली. सही येते. ग्रामसेवक बोट ठेवते तिथं सही करतो. कायच्यावर केली, थे मालूम नाई. गावात कोनी मले कवा इचारलं नाई सरपंच कोन म्हनून. तुमच्या लेकरायनं इचारलं. मंग मीबी मले इचारलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या अक्षराचं पुस्तक असन तं मले जमन. शिकवता का?"

त्या दिवसापासून आमच्या शाळेची पाहणी सुरू झाली. आठवड्यातून तीनदा, वावरातून येताना, कधी पाव तास तर कधी अर्धा तास. सरपंच पाहणी करतात म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? गुरुजी स्वतः खुर्ची आणून द्यायचे. त्या खुर्चीत बसायच्याच नाहीत. मुलांच्या मागे, भिंतीला टेकून, तरटाच्या पट्टीवर बसायच्या. घरी यजमानांना सांगायच्या, "शाळेची पाहनी करून राह्यली." ते खोटंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाचं गळकं छप्पर हेरलं आणि ते लिहूनही घेतलं, म्हणजे मी लिहिलं आणि त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचून बघितलं.

आधी मुलं लाजायची. मग ती त्यांना शिकवायला लागली. एखादं जोडाक्षर अडलं की निळ्या रिबिनीवाली मागं सरकून त्यांच्या पानावर बोट ठेवायची. "हा अर्धा म हाये. याचा पाय तोडला." सरपंचबाई तसंच म्हणायच्या, "बरं, पाय तोडला." बकरी, चप्पल, फुगा, कापूस, सगळी पुस्तकं त्यांनी क्रमानं वाचली. सभेच्या पुस्तकाशी आल्या तेव्हा जानेवारी लागला होता.

पाचव्या पानावर त्याही थांबल्या. "सभेत सगळे येतात." मग म्हणाल्या, "नाई येत ना, बाई. बारा-पंधरा मानसं येतात. बाकीच्यायच्या सह्या घरोघरी रजिस्टर फिरवून घेतात."

"मंग काय लिहाचं?" मुलीनं विचारलं.

सरपंचबाई म्हणाल्या, "लिवलेलं राहू दे. यंदा आनू सगळ्यायले."

प्रजासत्ताक दिनाला ग्रामसभा असते. तिची दवंडी गावचा कोतवाल द्यायचा. म्हातारा, गळ्यात डफ अडकवलेला, खणखणीत आवाजाचा माणूस. सरपंचबाईंनी त्याला शाळेतच बोलावलं आणि विचारलं, तू दवंडी कुठं कुठं देतोस. तो म्हणाला, "पारावर, बाजारचौकात, देवळापाशी." नाल्यापलीकडे? "तिकडं जा म्हनून कोनी सांगतलंच नाई, जी." खालच्या गल्लीत? "तिथंबी नाई. पुरुष मंडळी चौकातच भेटते ना." इतकी वर्षं सभा बाईमाणसांपर्यंत का पोचली नाही, याचं कारण इतकं साधं होतं. 

"यंदा आमी देऊ दवंडी," मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. मी काही बोलायच्या आत सगळा वर्ग उभा राहिला.

नव्या पानाचं वाक्य मुलांनीच सांगितलं, मी फक्त लिहिलं. दोन कॅलेंडरं जोडून एक मोठा कागद केला. 'उद्या सभा आहे. झेंडावंदनानंतर आहे. शाळेत आहे. माय, तू येजो. आजी, तू येजो. सगळे या.' गुरुजी जवळ येऊन वाचत होते. मला वाटलं, 'येजो' खोडून 'ये' करा म्हणतील. ते म्हणाले, "अक्षर जरा मोठं काढा. लांबून दिसत नाही." आणि मग, "तिसरी-चौथीची मुलंही घेऊन जा."

पंचवीस जानेवारीच्या सकाळी कोतवाल पुढं, त्याच्या मागे मुलं. तो डफ वाजवायचा, थांबायचा. मग मुलं कागद उंच धरून एका सुरात वाचायची. मी मागून चालत होते आणि बघत होते, की कुणीही पाठ म्हणत नाही आहे. प्रत्येकाचे डोळे अक्षरावर. खालच्या गल्लीत बायका भांडी टाकून उंबऱ्यात आल्या. एका म्हातारीनं विचारलं, "काय म्हनून राह्यले रे?" तिच्या नातवानं पुढं जाऊन तिच्यासाठी परत एकटं वाचून दाखवलं. नाला तेव्हा कोरडाच होता, दगडांवरून उतरून पलीकडे गेलो. टोलीत वीसेक घरं. निळ्या रिबिनीवालीची माय गोवऱ्या थापत होती. मुलीनं कागद तिच्यासमोर धरला. "माय, तू येजो," तिनं वाचलं. वाचून झाल्यावरही कागद खाली घेतला नाही. मायनं हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "येतो ना, बाई."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. दरवर्षी त्यानंतर शाळेचं मैदान रिकामं व्हायचं. यंदा रिकामं झालं नाही. खालच्या गल्लीच्या बायका आल्या, टोलीच्या आल्या, कडेवर लेकरं, डोक्यावर पदर. लिंबाच्या सावलीत बसायला जागा पुरेना, तेव्हा पुरुष उठून उन्हात सरकले. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं, मैदानाकडे बघितलं, आणि पानं कमी पडतील म्हणून आणखी एक वही मागवली.

टेबलामागे खुर्च्या मांडल्या होत्या. यजमान सवयीनं मधल्या खुर्चीकडे निघाले. सरपंचबाई आधीच तिथं बसल्या होत्या. ते क्षणभर उभे राहिले, मग बाजूला जाऊन इतर मंडळींत बसले. ग्रामसेवकांनी विषयपत्रिका वाचायला हातात घेतली. सरपंचबाईंनी हात पुढं केला.

"द्या इकडं. मी वाचतो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, अगदी आमच्या वर्गात ठेवतात तसं. "विषय." थांबल्या. पुढचा शब्द जोडाक्षराचा होता. पुढच्या ओळीत बसलेल्या माझ्या वर्गाचे ओठ हलत होते. मी डोळ्यांनी त्यांना दटावत होते, की सांगायचं नाही. निळ्या रिबिनीवालीला राहवलं नाही.

"क्रमांक!" ती ओरडली.

लोक हसले. सरपंचबाईही हसल्या. "हो. क्रमांक. क्रमांक एक." आणि मग त्यांनी सगळी पत्रिका वाचली. हळू वाचली, दोनदा अडखळल्या, एकदा ओळ चुकून परत मागं आल्या. कुणी घाई केली नाही.

दुसरा विषय होता, 'गावाच्या वेशीवर स्वागत कमान बांधणे.' हे आधीच ठरल्यात जमा होतं. दरवेळी जी बारा-पंधरा माणसं यायची त्यांनी कमान पसंत केली होती. शेजारच्या गावाला होती, आपल्याला नव्हती. वाचून झाल्यावर सरपंचबाईंनी विचारलं, "कोनाले काही बोलाचं हाये?"

बायकांच्या गर्दीतून निळ्या रिबिनीवालीची माय उठली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. "कमान चांगलीच हाये, जी. पन कमानीखालून कोन येनार? आमच्या टोलीचे नऊ लेकरं या शाळेत हाये. पान्याचे दोन महिने नाल्याले पूर राह्यते. लेकरं घरीच. मागच्या साली एकाचा पाय घसरला, थोडक्यात वाचला. आमाले रपटा पाह्यजे."

रपटा म्हणजे नाल्यावरून जायला बांधलेला ठेंगणा सिमेंटचा रस्ता. पाणी वरून गेलं तरी पायाखाली आधार राहतो. एवढी साधी गोष्ट होती, आणि गावात ती कधी कुणाच्या तोंडून निघाली नव्हती, कारण ज्यांना ती हवी होती ते कधी बोलावलेच गेले नव्हते.

थोडी कुजबूज झाली. सरपंचांचे यजमान उठले. ते म्हणाले, "कमान तं अगोदरच..." आणि बायकोकडे बघितलं. त्या काही रागानं बघत नव्हत्या. शांतपणे, ऐकायला तयार असल्यासारख्या बघत होत्या. सभेतल्या कुणाही माणसाकडे बघावं तशा. ते जरा थांबले. "अगोदरच ठरलं होतं. पन लेकरायचं काम मोठं हाये," असं म्हणून ते बसले.

हात वर करायला सांगितले. कमानीसाठी नऊ-दहा हात आले. मग रपट्यासाठी. माझ्या समोर बांगड्यांचा आवाज झाला. कापूस वेचून फाटलेले, शेणानं पिवळे झालेले, गोंदलेले हात. मुलांनीही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाले, लहान मुलांचे मोजता येत नाहीत. कुणीही हात खाली घेतला नाही. कोतवालानं डफ वाजवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ठराव लिहून झाल्यावर ग्रामसेवकांनी सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. सरपंचबाईंनी त्यांचं बोट हलकेच बाजूला सारलं, ठराव पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मनात वाचला, आणि मग सही केली. त्या दिवशी एसटीत मी सगळा रस्ता हसत होते. कंडक्टरनं विचारलं, "काय बाई, लॉटरी लागली का?"

रपटा मे महिन्यात बांधायला घेतला. दगड गावानं श्रमदानातून आणले. यजमानांनी स्वतःची बैलगाडी लावली आणि दोन आठवडे नाल्यात उभे राहून काम करून घेतलं. कामाच्या बाबतीत तो माणूस पहिल्यापासून चोख होता. त्या वर्षी जुलैत नाला भरून वाहत असताना मी हजेरी घेतली. टोलीच्या मुलांसकट सगळे हजर. मी परत मोजलं. गुरुजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आणा ते रजिस्टर, मला बघू द्या." त्यांनी ते पान कितीतरी वेळ हातात धरलं.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद महिलांसाठी राखीव नव्हतं. तरी सदस्यांनी परत त्यांनाच सरपंच केलं. प्रचाराला यजमान घरोघरी फिरले.

आमच्या पुस्तकाला दवंडीचं आणि रपट्याचं अशी दोन पानं वाढली आणि त्याची गोष्ट केंद्राच्या बैठकीत पसरली. आधी तालुक्यातल्या शाळांनी हातानं नकला केल्या. दोन हजारनंतर जिल्ह्याच्या पातळीवर ठरलं, की सहा पुस्तिका छापायच्या, नवशिक्या वाचकांसाठी, आणि त्यातली एक आमची. वर्ध्याला त्याची बैठक झाली. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं, की 'येजो' काढून प्रमाण भाषा घालावी. मी आयुष्यात पहिल्यांदा अधिकाऱ्यांसमोर आवाज चढवला. म्हटलं, "साहेब, त्या एका शब्दावर सगळं गाव सभेला आलं होतं." शब्द राहिला. मुखपृष्ठावर माझं नाव घालायचं चाललं होतं. मी सांगितलं, 'दुसरीची मुलं आणि त्यांच्या सरपंच' असं घाला.

छापून आलेला गठ्ठा मी स्वतः गावात घेऊन गेले. तोवर आमची निळ्या रिबिनीवाली आर्वीला आठवीत होती, रिबिनी कधीच सुटल्या होत्या. सरपंचबाई ग्रामपंचायतीत होत्या. मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी हात पदराला पुसले, मग रंगीत मुखपृष्ठावरून हात फिरवला. चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. आता बोट ठेवावं लागत नव्हतं. मी कौतुकाच्या शब्दांची वाट बघत समोर बसले होते. शेवटच्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हे पाह्यलं का?"

"काय?"

"'नाल्यावर रपट झाला.' काना राह्यला. आमचा रपटा अर्धाच बांधला का छापखान्यानं?"

मी पुस्तक ओढून घेतलं. खरंच काना नव्हता. ते पान मी तपासलं होतं, दोन अधिकाऱ्यांनी तपासलं होतं, छापखान्याच्या माणसानं तपासलं होतं. चार जणांच्या नजरेतून सुटलेली चूक त्यांनी पहिल्याच वाचनात धरली होती. मला इतकं हसू आलं, की डोळ्यातून पाणी आलं. त्याही हसायला लागल्या, पण हसता हसता त्यांनी टेबलावरचं पेन उचललं होतं.

"सोडा गठ्ठा," त्या म्हणाल्या, "आन् द्या एकेक."

मी पुस्तकं उघडून पुढं करत गेले. त्यांनी प्रत्येक प्रतीत, शेवटच्या पानावर, सरळ, ठसठशीत काना दिला.